उन्हाळ्यात रेंडर लावला की पीसी दगा देतो: लिक्विड कूलर घ्यायच्या आधी काय तपासायचं

एप्रिल उजाडला की ही तक्रार हमखास येते. लग्नसराईच्या व्हिडिओंची कामं साचलेली असतात, एक्सपोर्ट (म्हणजेच रेंडर, तयार व्हिडिओची फाइल बनवायचं काम) लावून माणूस जेवायला जातो आणि परत येऊन बघतो तर स्क्रीन काळी. नाहीतर पीसी चालू असतो, पण तासाभराचं काम तीन तासांवर गेलेलं असतं आणि पंखे नुसते किंचाळत असतात. जूनमध्ये पाऊस धरला की दुखणं आपोआप बरं होतं आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा उभं राहतं. एकट्या स्टुडिओवाल्यांचंच असं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत कॅडवर (यंत्रभागांच्या डिझाइनवर) बसणाऱ्यांचं, फ्लेक्सवाल्यांचं, घरी गेम खेळणाऱ्या पोरांचंही हेच. आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "दादा, लिक्विड टाकूया का?"

लिक्विड कूलर (पंपानं पाणी फिरवून प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारा) टाका, पण सगळ्यात शेवटी. माझ्या मते कोल्हापुरातल्या दहा-वीस गरम पीसींत एखाद्यालाच खरोखर लिक्विडची गरज असते. बाकीच्यांचं दुखणं फुकटात, नाहीतर पेस्टच्या (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) एका ट्यूबमध्ये बरं होतं. तो एखादा आपलाच आहे का, हे ओळखायचं कसं, ते सांगतो.

बंद पडतो की मंद होतो?

ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण लोक एकाच नावानं सांगतात: "गरम होतोय."

आजचा प्रोसेसर स्वतःला जपतो. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५, आणि ७८००एक्स३डीची ८९. काटा तिथं पोहोचला की प्रोसेसर आधी वेग उतरवतो, वीज कमी खातो आणि तग धरतो. म्हणजे उष्णतेनं आजारी पडलेला पीसी बहुधा मंद होतो. फटकन बंद पडायला कूलर प्रोसेसरवरून जवळजवळ सुटलेला असावा लागतो, किंवा लिक्विडचा पंप मेलेला.

मग फटकन बंद पडणाऱ्याचं काय? टेबलाखाली वाका आणि यूपीएस बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी रेंडरला लागला, त्यात मॉनिटर आणि स्पीकरही त्याच यूपीएसवर, की ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात गल्लीतले एसी-कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं, यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, बॅटरी जुनी असली तर भार पेलत नाही आणि पीसी जागच्या जागी बंद. बरोबर उन्हाळ्यातच होतं, म्हणून माणूस उष्णतेवर खापर फोडतो. पडताळणी सोपी आहे: एक दिवस पीसी यूपीएसला वळसा घालून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि तोच रेंडर चालवा. पूर्ण झाला तर कूलरचे पैसे यूपीएसवर घाला. तिथंही बंद पडला तर एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या आतल्या पॉवर सप्लायवर, संशय घ्या.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते आणि लोक तिचा फोटो पाठवतात. ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट बंद न होता बंद झाला. कारण तिच्यात नसतं.

तिसरा प्रकार असतो: पीसी बंद नाही, मंद नाही, पण सॉफ्टवेअर मध्येच कोसळतं, कधी निळी स्क्रीन येते. प्रोसेसर १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या दर्जाचा इंटेल असेल, तर आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. त्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, आणि २०२४ मध्ये इंटेलनं त्यासाठी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसबरोबर येते) दिला, बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर अपडेटनंही सुधारत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो. कूलर कितीही भारी आणला तरी हे दुखणं त्यानं जाणार नाही.

खोलीचा पारा वजा करा

पीसी मंद होत असेल तर आकडा घ्यायचा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात तीन गोष्टी बघा: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसर खात असलेले वॅट, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळं वेग उतरवल्याच्या) ओळीत 'येस' येतंय का. पाच मिनिटांची टेस्ट करून थांबू नका, अर्धा तास खरा रेंडर लावा. लिक्विड कूलर आधीच बसवलेला असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण आतलं पाणी तापायलाच वेळ घेतं. पहिल्या पाच-दहा मिनिटांत आकडा गोंडस दिसतो, खरा आकडा नंतर येतो.

आता खोलीत साधा थर्मामीटर ठेवा आणि प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. समजा मे महिन्याच्या दुपारी खोलीत ३८ अंश आहे आणि प्रोसेसर ९२ वर. फरक ५४. तोच पीसी, तोच रेंडर, तेवढेच वॅट, पण डिसेंबरात खोली २४ वर असेल तर प्रोसेसर साधारण ७८ दाखवेल. फरक तोच ५४. कूलरमध्ये काही बिघडलेलं नाही, खोली बदलली. पत्र्याच्या छताखालचा स्टुडिओ असेल तर दुपारी दोनला खोली चाळिशीच्या पुढं जाते, आणि ते ओझं कूलर हवेचा असो की पाण्याचा, दोघांवर सारखंच पडतं. दोघेही प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाहीत.

हिवाळ्यात फरक ४० होता आणि आता ५४ झाला असेल, वॅट मात्र तेवढेच, तर दुखणं पीसीच्या पोटात आहे. मागचा आकडाच नसेल तर हरकत नाही. आजचा लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा, पुढच्या वर्षी कामाला येतो.

पत्र्याच्या खोलीवाल्यांना एक फुकटचा उपाय: मोठे एक्सपोर्ट रात्री लावा. कोल्हापूरची रात्र उन्हाळ्यातही बरीच उतरते, दुपारच्या मानानं बारा-चौदा अंश सहज. प्रीमियरमध्ये एक्सपोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंग चालू आहे का, तेही बघा. ते बंद असेल तर ग्राफिक्सनं करायचं काम प्रोसेसर छाती फुटेस्तोवर करत बसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी एफ असतो त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, तिथं हे काम वेगळ्या कार्डावर जातं.

पत्रा उघडल्यावर

आधी कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून, तो तसाच उघडा ठेवून रेंडर लावा. त्यानं तापमान सहा-सात अंश किंवा जास्त उतरलं, तर कूलर निर्दोष आहे, कॅबिनेटला श्वास मिळत नाही. पुढं अख्खी काच असलेली, दिवे लावलेली कॅबिनेट दिसायला नादखुळा, पण हवा आत घ्यायला बाजूला बोटभर फट. कित्येकांनी पीसी टेबलाच्या कप्प्यात मागून बंद करून ठेवलेला असतो; तो बाहेर काढला तरी अर्धं काम होतं. पंख्याची दिशाही बघा: पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांचा सांगाडा असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. मागचा पंखा उलटा बसवलेले पीसी मी बघितलेत, अगदी दुकानातून असेंबल होऊन आलेले.

पत्रा काढून काही फरक पडला नाही तर कूलरकडं वळा. वरून पंखा स्वच्छ दिसतो, लोक फडकं मारतात आणि समाधान मानतात. खरी घाण पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांच्या मध्ये असते. पंखा सोडवून बाजूला केल्याशिवाय ती दिसतच नाही. तिथं राखाडी थर बसलेला असतो, नखानं ओढला तर पापुद्र्यासारखा सलग निघतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या भागातून आलेल्या पीसींत हा थर काळा आणि जड असतो. बोटावर घेऊन चोळला तर चमकतो, लोहचुंबकाला चिकटतो. फाउंड्रीतल्या धुळीत लोखंडाचे कण असतात. ते हवा अडवतात, शिवाय बोर्डावर दोन पायांच्या मध्ये बसले तर शॉर्टही करू शकतात. अशा ठिकाणी पुढच्या जाळीला फिल्टर हवाच आणि तो महिन्याला धुवायला हवा. नदीकाठच्या गावांत उसाचं पाचट पेटलं की उडणारी काजळीही आत येते, तिचा थर मऊ आणि तेलकट.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा. मोकळं सोडलं तर पंखा भन्नाट वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. ओलं फडकं नको.

इंटेलच्या डब्यातून येणारा कूलर असेल तर एक गोष्ट डोळे मोठे करून बघा. त्याला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात आणि चारातली एक सुटलेली असणं, हे मी सगळ्यात जास्त बघितलेलं कारण. पीसी टेम्पोतून आला, घर बदललं, कुणीतरी साफ करायला काढून बसवला, की एक पिन अर्धवट राहते. कूलर वरून घट्ट वाटतो. बोर्डच्या मागच्या बाजूनं बघितलं तर कळतं: नीट बसलेल्या पिनेचं पांढरं टोक दुभंगून पसरलेलं असतं आणि मधून काळी दांडी बाहेर आलेली दिसते. न बसलेल्या पिनेत दांडी दिसत नाही. बसवताना समोरासमोरच्या तिरक्या दोन पिना एकदम दाबायच्या, टक् असा आवाज येईपर्यंत, मग उरलेल्या दोन. शेजारशेजारच्या दाबल्या तर कूलर एका बाजूला उचलला जातो. पिनेच्या डोक्यावरचा बाण ती सोडवायची दिशा दाखवतो. बसवताना डोकं त्या दिशेला फिरलेलं नसावं.

कूलर काढलाच आहे तर पेस्ट नवी लावा. जुनी खडूसारखी कोरडी झाली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. रायझनच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर (तिथं पिना प्रोसेसरलाच असतात) कूलर सरळ वर ओढू नका, कोरड्या पेस्टसकट प्रोसेसरच सॉकेटातून उपटून येतो, पिना वाकतात आणि मग रडायची वेळ. आधी दहा मिनिटं पीसी चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडं हलकेच पिळत काढा.

बायोसमधला फुकटचा जाळ

साफसफाई झाली, तरी तापमान तिथंच. आता एचडब्ल्यूइन्फोमधले वॅट बघा. इंटेलचा आय५-१२४०० कागदावर ६५ वॅटचा, पण टर्बोत (जादा वेगात) ११७ वॅटपर्यंत जायची त्याला परवानगी आहे. आय७-१३७०० सुद्धा नावाला ६५, कमाल २१९. आय७-१४७००के तर २५३ पर्यंत. आणि पुष्कळ मदरबोर्ड ही मर्यादासुद्धा धाब्यावर बसवतात. काही एमएसआय बोर्ड पहिल्यांदा चालू केल्यावर विचारतात, कूलर कोणता: बॉक्सचा, टॉवर की वॉटर? असेंबल करणाऱ्यानं घाईत वॉटर दाबलं की मर्यादा ४०९६ वॅट होते, म्हणजे मर्यादाच नाही. डब्यातल्या चिमुकल्या कूलरवर असा प्रोसेसर सोडून दिला तर शंभर दिसणारच.

बायोसमध्ये जाऊन इंटेलची ठरवून दिलेली सेटिंग निवडा किंवा पॉवर लिमिट हातानं खाली आणा. रायझनमध्ये इको मोड (कमी वीज खायची सेटिंग) असतो. १०५ वॅटच्या प्रोसेसरला ६५च्या इको मोडवर आणलं की तापमान खाडकन उतरतं आणि रेंडरचा वेग मात्र थोडाच जातो. शेवटचे पाच-दहा टक्के वेगासाठी हे प्रोसेसर बेसुमार वीज खातात. रायझन ७६००एक्स, ७७००एक्सवाल्यांनी हेही लक्षात ठेवा की ९५ अंश ही त्या प्रोसेसरची नेहमीच्या कामाची जागा आहे, पूर्ण भाराला तो मुद्दाम तिथवर चढतो. वेग टिकून असेल तर काही करायची गरज नाही.

आता कूलर

इथपर्यंत सगळं केलं, आणि प्रोसेसर खरोखर जास्त वॅट खातो म्हणूनच तापतोय, हे ठरलं, तर नवा कूलर घ्यायचा. गिऱ्हाईक इथं हमखास गाड्यांवर येतं: बुलेटचं इंजिन हवेवर आणि केटीएमचं पाण्यावर, मग पाणीच भारी की. पण पाणी फक्त हमाल आहे. प्रोसेसरची उष्णता ते रेडिएटरपर्यंत नेतं आणि शेवटी पंख्यानं त्याच खोलीच्या हवेत फेकतं. टॉवर कूलर म्हणजे पात्यांचा उभा बुरुज आणि त्याला पंखा. त्याच्या तांब्याच्या नळ्यांतही आत थोडंसं द्रव असतंच. खाली वाफ होते, वर थंड होऊन परत झिरपते, आणि हे सगळं पंपाशिवाय. फरक पडतो तो उष्णता सोडायला जागा किती आणि कुठं आहे, यानं.

माझा हिशोब असा. सलग कामात प्रोसेसर १२० वॅटच्या आत राहत असेल तर चार नळ्यांचा एका बुरुजाचा टॉवर पुरतो, डीपकूल एके४०० सारखा. १२० ते २०० च्या मध्ये असेल तर दोन बुरुजांचा घ्या, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई या कामाला उत्तम. त्याच्या पैशात २४०चा (२४० मिलिमीटर रेडिएटरचा) लिक्विड शोधत बसू नका. स्वस्त २४० आणि चांगला दोन बुरुजांचा टॉवर यांत मी डोळे झाकून टॉवर घेईन. तासन्‌तास २०० वॅटच्या वर चालणारा आय७-के, आय९ किंवा रायझन ९ असेल आणि मर्यादा खाली आणायची नसेल, तर मात्र ३६०चा लिक्विड. तिथं हात आखडता घेऊ नका. फक्त गेमसाठी ७८००एक्स३डी घेणाऱ्या पोरांनी लिक्विडचे पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत, तो प्रोसेसर टॉवरवर आरामात चालतो.

टॉवर घेण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी बघा. वरच्या दोन्ही टॉवरची उंची १५५ मिलिमीटर, नॉक्टुआच्या एनएच-डी१५ची १६५. स्वस्त कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा १६० च्या वर जागा नसते आणि मग काच लागतच नाही. उंच हीटसिंकची रॅम असेल तर पुढचा पंखा तिच्यावर चढतो, तेवढं मोजून घ्या.

लिक्विड लावलाच असेल तर

पंप लूपमध्ये (पाणी फिरायच्या बंद मार्गात) सगळ्यात वर येता कामा नये. आत थोडी हवा असतेच आणि वर्षानुवर्षं नळ्यांतून पाणी सूक्ष्म प्रमाणात उडून ती वाढते. ती हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला थांबली पाहिजे. म्हणून रेडिएटर छताला लावा, किंवा पुढं लावून नळ्या खालच्या बाजूला ठेवा. चालू करताना रोज गुडगुड आवाज येत असेल तर हवा पंपात शिरतेय.

पंपाची वायर बोर्डावरच्या पंप हेडरला (पंपासाठीच्या जोडणीला), आणि तो हेडर पूर्ण वेगावर. तो पंख्याच्या सायलेंट कर्व्हवर, म्हणजे आवाज कमी ठेवणाऱ्या सेटिंगवर राहिला की पंप निम्म्या दमानं फिरतो आणि दोष कूलरला मिळतो. पंप मेला आहे का, हे हातानंही कळतं: पीसी चालू करून दोन-चार मिनिटांनी दोन्ही नळ्यांना हात लावा. प्रोसेसर नव्वदीत, एक नळी तापलेली आणि दुसरी थंडगार, म्हणजे पाणी फिरत नाही. बहुतेक बंद लूपमध्ये पाणी भरायची सोय नसते, दुरुस्ती हा विषयच नाही. वॉरंटीत बदलून मिळेल, पण तोवर ऐन सीझनमध्ये पीसी बंद. म्हणून डब्यातला जुना कूलर भंगारात देऊ नका. टॉवरचं बरं असतं, पंखा गेला तर राजारामपुरीत जाऊन १२० मिलिमीटरचा दुसरा आणला की काम सुरू.

पावसाळ्यात लिक्विडवर दव धरून बोर्ड उडतो का, असं बरेच जण विचारतात. नाही. पाणी खोलीच्या तापमानाखाली जातच नाही, मग दव कुठून धरणार? धोका उलट उन्हाळ्यातल्या वाळ्याच्या कूलरचा आहे. त्याचा दमट झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

आणि लिक्विड लावूनही रेंडर मंदच असेल, प्रोसेसर ६५ अंशांवर शांत बसलेला दिसतो पण घड्याळ (प्रोसेसरचा वेग, क्लॉक) मध्येच ८०० मेगाहर्ट्‌झवर कोसळतं, तर प्रोसेसर सोडा आणि सॉकेटच्या डावीकडचे चौकोनी काळे तुकडे बघा. ते व्हीआरएम, प्रोसेसरला वीज पुरवणारे. एच६१० सारख्या स्वस्त बोर्डावर त्यांना बऱ्याचदा हीटसिंकही नसतं. टॉवर किंवा डब्यातला कूलर होता तेव्हा त्याची हवा या तुकड्यांवरूनही वाहायची. लिक्विड लावल्यावर सॉकेटजवळचा पंखाच गेला, ते तापतात आणि बोर्ड प्रोसेसरचा गळा आवळतो. या तुकड्यांवर हवा ढकलणारा एक साधा पंखा तात्पुरता लावून बघा. घड्याळ लगेच वर आलं तर दोषी सापडला. त्या बोर्डावर आय७ ठेवायचा असेल तर पॉवर लिमिट खाली आणा, नाहीतर बोर्ड बदला.